फणसवस्तीचं शून्य

बाबा, काल संध्याकाळी साडेसहाला मी तुमच्या खुर्चीत बसले होते. तिकडे आसामात सकाळचे अकरा वाजले होते. लॅपटॉपवर एक लांब टेबल दिसत होतं, त्यामागे सुनावणी घेणारी तीन माणसं, आणि बाजूच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेली खालच्या वस्तीतली माणसं. मधल्या गृहस्थांनी कागद बघून तुमचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, मागे प्राध्यापक लावून. मी म्हणाले, "ते एकोणीस दिवसांपूर्वी गेले. मी त्यांची मुलगी. त्यांचं म्हणणं मी वाचून दाखवणार आहे." तोंडाला इतकी कोरड पडली होती की शेवटचे शब्द नीट फुटलेच नाहीत. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, मनू, आधी पाणी पी.

हे सगळं तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही गेलात तेव्हा सुनावणीची तारीख ठरली आहे हेसुद्धा तुम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं ते माझ्यामुळे. पण तिथवर यायला मला जरा वेळ द्या. अजून धीर होत नाही.

आई गेल्यावर तुम्ही सहा महिन्यांसाठी म्हणून इकडे परदेशी, माझ्या घरी माऊंट रॉस्किलला आलात. विमानतळावरच पहिला तमाशा झाला. फॉर्मवर तुम्ही इमानदारीत लिहून टाकलंत, बॅगेत जंगलात वापरलेले बूट आहेत. बाहेर मी तासभर ताटकळत उभी. आत त्या अधिकारी बाई तुमच्या बुटांच्या तळव्यांतली माती ब्रशने घासून काढत होत्या आणि तुम्ही त्यांना हूलॉक गिबनवर व्याख्यान देत होतात. बाहेर आलात ते बूट हातात धरून, पायात सपाता. "फार कामसू मुलगी आहे," म्हणालात. "आसामची माती ठेवून घेतली तिने, पण ऐकलं सगळं मन लावून." मी चिडले होते. गाडीत तुमच्याशी बोललेसुद्धा नाही. आज ते बूट गॅरेजमध्ये आहेत आणि तिकडे बघायचं मी टाळते.

मग सुरू झाल्या तुमच्या पहाटा. उजाडायच्या आत मागच्या अंगणात खुर्ची, मांडीवर होकायंत्र, हातात वही. वहीत तीन रकाने. वेळ, दिशा, काय ऐकलं. जंगलात गिबन मोजायचे ते असेच, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. हे प्राणी झाडांच्या शेंड्यांत राहतात, दिसत नाहीत, पण सकाळी नर-मादी मिळून गातात आणि ते गाणं दूरवर जातं. ऐकायची जागा धरून बसायचं, वेळ आणि दिशा टिपायची. एक जोडगाणं म्हणजे एक कुटुंब. इथे गिबन कुठून येणार? तुम्ही इथले तुई पक्षी मोजायला लागलात. ओवीला आधी ते विचित्र वाटलं. पण पंधरा वर्षांची माझी लेक, जिला मी दहा हाका मारल्याशिवाय अंथरुणातून काढू शकत नाही, ती महिन्याभरात तुमच्या शेजारी पांघरूण गुंडाळून बसायला लागली.

"आजोबा, दॅट वन्स अ टुई, राईट?"

"बरोबर. दिशा?"

"नॉर्थ-ईस्ट."

"मराठीत."

"ई... ईशान्य."

तिला आम्ही देवनागरी शिकवू शकलो नव्हतो. शनिवारची मराठी शाळा तिने दोनदा सोडली होती. तुम्ही तिला तीन रकान्यांच्या जोरावर वाचायला लावलंत. तुमचा एक नियम होता, तोही जंगलातला. नवी नोंद करण्याआधी कालची शेवटची ओळ मोठ्याने वाचायची. सोबतच्या माणसाने ती ऐकायची आणि चूक असेल तर तिथल्या तिथे सांगायचं. ओवी अडखळत वाचायची, तुम्ही मान डोलवायचात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकायचे आणि डबे भरायचे. तेव्हा मला कळत नव्हतं की मी सुखात आहे.

एकदा ती सहज म्हणाली, "बट दे आर जस्ट मंकीज, राईट?" तुम्ही पेन खाली ठेवलंत. "माकड नव्हे. वानर नव्हे. कपी. शेपूट दिसली का कुठे? भारतात एवढे एकच कपी उरलेत, आणि त्यांच्या नावाची खबर माझ्या स्वतःच्या नातीला नसावी?" मग तुमच्या भुवयांवर बोट ठेवून तिने विचारलं, त्यांच्याही अशाच पांढऱ्या असतात का. असतात, म्हणालात, आणि खूश झालात.

पण झूमध्ये जायला तुम्ही तयार नव्हतात. ओवीने किती आग्रह केला. तिथे गिबनांचे इंडोनेशियाकडचे भाऊबंद आहेत, त्यांचा आवाज आसपासच्या घरांतही ऐकू येतो. शेवटी तुम्ही एवढंच कबूल केलंत की बाहेर बसस्टॉपवर बसू. दोघं बसने गेलात, दीड तास बसलात, ऐकलंत आणि आलात. ओवी म्हणाली, "दे वर हीप्स लाऊड, मम. आजोबा क्राइड अ बिट." जेवताना मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, वारा होता, डोळ्यांत गेला. आणि थोड्या वेळाने, भाताकडे बघत, "शेजार असला की गातात ते. आजूबाजूचं जंगल तुटलं, शेजारी संपले, की गाणं कमी होत जातं. कधी बंदच होतं. हे मला फार उशिरा कळलं." मी वाढायच्या नादात होते. तुम्ही काय सांगत होतात ते कळायला पुढे वर्ष जावं लागलं.

वर्षभरात तुमची नजर गेली. कडेचं दिसायचं, मधलं नाही. पहाटेची ओळ तेवढी ओवीला वेळ विचारून जाड पेनाने, अंदाजाने लिहायचात; बाकी वाचन थांबलं आणि तुम्ही घरात भूत हिंडावं तसे हिंडायला लागलात. म्हणून दर रविवारी दुपारी मी तुम्हाला तुमच्या जुन्या वह्या वाचून दाखवू लागले. पुण्याच्या कॉलेजला सुट्टी लागली की तुम्ही आसाम गाठायचात, त्या सगळ्या हिवाळ्यांच्या वह्या. लहानपणी मला त्या वह्यांचा राग यायचा. बाकीच्यांचे बाबा सुट्टीत घरी असायचे. आता चहा घेऊन मी वाचायचे आणि तुम्ही डोळे मिटून धुक्यातून चालत जायचात. भवेन त्या वह्यांतून मला भेटला. तुमच्याबरोबर हिंडणारा तिथलाच माणूस, फणसवस्तीतला. तुम्हाला तो 'सार' म्हणायचा, सर नाही. गावाचं खरं नाव काही वेगळं होतं. तिथल्या अंगणाअंगणांतल्या फणसांवरून तुम्हीच वहीत त्याला फणसवस्ती म्हणायला लागलात.

आणि मग ते पान आलं. एका बाजूला वेळ, दिशा, काय ऐकलं. रकाने रिकामे. समासात तुमच्या बारीक अक्षरात: 'भवेन म्हणतो आहेत. तिघे, फणसांवर असतात, गात नाहीत. मी ऐकले नाहीत. शून्य.'

मी पुढे वाचणार होते. तुम्ही म्हणालात, "पुरे आज." मी पान मिटणार तेवढ्यात वहीतून घडी घातलेलं एक जुनं पत्र पडलं. भवेनने कोणाकडून तरी हिंदीत लिहून घेतलेलं. 'सार, वस्ती उठवली. आमच्या अंगणातले फणस कोणीतरी तोडून नेले, राखायला कोणी नव्हतं. फांदीवरून फांदीवर जायला वाट राहिली नाही. त्या तिघांतली मादी, आपली राणी, पिल्लाला घेऊन खाली उतरली. शेतात कुत्र्यांनी गाठलं.' एवढंच. खाली अंगठा.

मीच विचारलं, उत्तर दिलंत का त्याला? तुम्ही मान हलवलीत. नाही.

त्या रविवारी तुम्ही मला सगळं सांगितलंत. तुमच्या त्या शून्यावरून अहवाल झाला. वस्तीच्या बाजूला कपी नाहीत, माणसांच्या वावरामुळे ते निघून गेले असावेत, सबब माणसं हलवावीत. माणसं हलवली. रेल्वेच्या रुळांपलीकडे, जिथे ना झाड ना पाणी. ज्यांच्या फणसांवर ते तीन जीव टिकून होते तीच माणसं गेली, मग फणस गेले, मग ते तिघे गेले. "कपी वाचवायला गेलो होतो मी," म्हणालात. तुमचा आवाज मला ओळखू येत नव्हता.

मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणाले, "तुम्ही एकट्याने थोडीच ठरवलं सगळं? किती जुनी गोष्ट आहे ती बाबा, सोडा आता." सांत्वन म्हणून म्हणाले, पण तुमचा चेहरा असा बंद झाला की जणू मी दार लावून घेतलं.

ते सोडण्यासारखं नव्हतंच, हे पुढच्याच महिन्यात कळलं. रूनुमीचा फोन आला. भवेनची मुलगी, तिकडे शाळेत शिकवते. भवेन जाऊन दोन वर्षं झाली होती. आता त्याच जंगलाच्या कडेची खालची वस्ती हलवायचा घाट घातला होता. फणसवस्तीतली काही कुटुंबं मागाहून तिथेच येऊन राहिली होती, म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा उठवणार. आणि पुरावा कोणता, तर तुमचाच जुना अहवाल. खालच्या वस्तीतल्या फणस-वडांवर आजही एक कुटुंब आहे, रूनुमीच्या शाळेतली मुलं रोज बघतात. पण कागदावर शून्य. तिने एकच मागितलं. सुनावणी होईल, तेव्हा खरं काय ते तुम्ही सांगा, व्हिडिओवरून सांगितलंत तरी चालेल. तुमच्या शब्दाला वजन आहे.

तुम्ही फोनवरच हो म्हणालात. आणि आपलं भांडण सुरू झालं.

मी फार्मासिस्ट. पापाटोएटोच्या दुकानात दिवसभर लोकांच्या बापांच्या गोळ्या मोजून देते. तुमच्या गोळ्यांचा डबा रविवारी मीच भरायचे आणि त्यात काय काय आहे आणि कशासाठी आहे ते मला नीट माहीत होतं. डॉक्टर स्वच्छ म्हणाले होते, दगदग नको, मनावर ताण नको. मी म्हणाले, लेखी पाठवा, विषय संपवा. तुम्ही म्हणालात, समोर बसून सांगेन, प्रश्न विचारतील त्यांना उत्तरं देईन, नाहीतर त्या कागदाला कोण विचारतो. मी म्हणाले, तुमचे विद्यार्थी तिकडे तुमचा गौरव करायला निघालेत आणि तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःला काळं फासताय. तुम्ही म्हणालात, "काळं फासलेलंच आहे. मी फक्त दिवा लावतोय."

शब्दाने शब्द वाढत गेला. आणि मग मी ते बोलले. अजून कानात आहे माझ्या.

"आईच्या ऑपरेशनला वेळेवर आला नाहीत तुम्ही. मी अकरा वर्षांची होते, मावशीबरोबर हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते. दुसऱ्या दिवशी आलात, बुटांना चिखल तसाच. तेव्हाही ती माणसं पहिली, आजही तीच पहिली. आम्ही कधी?"

तुम्ही माझ्याकडे बघत होतात. म्हणजे माझ्या कडेला बघत होतात, तुम्हाला तसंच दिसायचं. काहीतरी बोलणार होतात, ओठ हलले. मग उठलात, भिंतीला हात लावत खोलीत गेलात. मला वाटलं, मी जिंकले.

त्यानंतर आपण गोळ्या, चहा, हवा एवढंच बोलायचो. रूनुमीशी तुमचं बोलणं माझ्या फोनवरून व्हायचं, कारण तुमच्या फोनवरची अक्षरं तुम्हाला दिसत नव्हती. त्यामुळे रोज संध्याकाळी मी दारात पाऊल टाकलं की तुमचा एकच प्रश्न. "रूनुमीचा निरोप?" मी म्हणायचे नाही. तेव्हा ते खरं असायचं.

आता सांगते. मंगळवारी दुपारी, चहाच्या सुट्टीत, दुकानाच्या मागच्या खोलीत मी फोन बघितला. रूनुमीचा निरोप होता. तारीख ठरली आहे. सार बोलणार असतील तर शुक्रवारपर्यंत नाव द्यायचं आहे, कृपया त्यांना विचारून कळवा. मी दोनदा वाचला. चहा गार झाला. मनात म्हणाले, शुक्रवार होऊन जाऊ दे. नाव गेलं नाही की आपोआप टळेल, ना त्यांना नाही म्हणावं लागेल ना मला. नंतर सांगू, उशिरा कळलं म्हणून. खोटं बोलतेय असं मला वाटलंसुद्धा नाही. मी तुमचं हृदय सांभाळत होते. निदान त्या खोलीत बसून मी स्वतःला हेच सांगितलं.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत. "रूनुमीचा निरोप?"

"नाही बाबा."

बुधवारी नाही. गुरुवारी नाही. शुक्रवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मी पालेभाजी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "आला की सांगीन ना. रोज रोज काय?" तुम्ही म्हणालात, "बरं. रागावू नकोस." माझ्याशी तुम्ही बोललेलं ते शेवटचं वाक्य.

शनिवारी पहाटे तुम्ही अंगणात बसून आलात, वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलीत, आणि तोंड धुवायला गेलात. पडल्याचा आवाज तुमच्या जावयाने, मंदारने ऐकला. दार उघडेपर्यंत, अँब्युलन्स येईपर्यंत, मी जे जे करायचं असतं ते केलं. मला सगळं येतं ते. काही उपयोग झाला नाही. इतकं सांभाळलेलं हृदय माझ्या हाताखाली थांबलं.

नंतरचे दिवस तुम्हाला माहीत नसलेल्या माणसांनी चालवले. फ्युनरल होममधला तो उंच गृहस्थ इतका हळू बोलायचा की मला त्याचा राग यायचा. पापाकुराहून मंदारचे मित्र दहा दिवस डबे आणून देत होते. मला कशाचीच चव लागत नव्हती. मला एकच भीती होती, रूनुमी फोन करेल. तिने केला नाही.

दहाव्या दिवशी ओवी माझ्या खोलीत आली. लॅपटॉप छातीशी धरलेला.

"मम, देअर्स समथिंग. आजोबा मेड मी टाइप इट. लाइक, थ्री वीक्स अगो. ही सेड डोंट टेल मम अनटिल रूनुमी आंटी मेसेजेस."

तुम्ही तिला सांगून टाईप करून घेतलं होतंत. माझ्या पाठीमागे, माझ्याच घरात, रोज दुपारी थोडं थोडं. तुम्ही मराठीत सांगायचात, अडलेल्या शब्दाला इंग्रजी सांगायचात, ती इंग्रजीत लिहायची. दीड पानाचं. तुम्हा दोघांनी मिळून सगळं तयार ठेवलं होतं आणि माझ्या एका शब्दाची वाट बघत होतात.

"डिड शी एव्हर मेसेज?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "आला. आजोबा गेल्यावर आला."

हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं, त्याचीच भीती वाटते.

ती रडली. म्हणाली, ही वेटेड सो मच, मम. मी तिला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहिले.

त्याच संध्याकाळी मी रूनुमीला फोन लावला. सगळं सांगितलं, म्हणजे तुम्ही गेलात ते. मग म्हणाली, "दीदी, शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तेव्हा वस्तीत सगळे म्हणाले, सार मागे हटले. पण मी तुम्हाला न विचारताच त्यांचं नाव देऊन टाकलं होतं. वाटलं, येतील ते." तुम्ही भवेनवर विश्वास ठेवला नाहीत. त्याच्या मुलीने तुमच्यावर ठेवला. मी म्हणाले, त्यांचं म्हणणं लिहिलेलं आहे, मी वाचेन.

सुनावणीची तयारी म्हणून मी मूळ वही काढली. ते पान पडद्यावर दाखवावं लागणार होतं. शून्य, समासातला मजकूर, सगळं नीट दिसतंय ना म्हणून दिव्याखाली धरलं आणि पान उलटलं. तुम्ही 'पुरे आज' म्हणाला होतात ना बाबा, ते या मागच्या पानासाठी.

'सात सकाळी बसायचं ठरलं होतं. दोनच झाल्या. दोन्ही दाट धुक्याच्या. रात्री चहाबागेच्या ऑफिसात घरून फोन आल्याचा निरोप. हिचं ऑपरेशन. भवेन म्हणतो अजून एक सकाळ थांबा, धुकं उठेल, मी दाखवतो. थांबत नाही. निघतो.'

खाली तारीख. मला त्या तारखेचा पुरावा लागत नाही. मी बाकावर बसले होते त्याच्या दोन दिवस आधीची.

तुम्ही उशिरा आला नव्हतात. तुम्ही पाच सकाळी सोडून आला होतात. जो रकाना भरायला थांबायला हवं होतं तो शून्य लिहून बंद केलात आणि मिळेल त्या गाडीने निघालात, आमच्यासाठी. आणि मी ते तोंडावर फेकलं तेव्हा एका वाक्यात मला गप्प करू शकला असतात. केलं नाहीत. का, बाबा? त्या माणसांच्या घरांचं ओझं माझ्या आईवर टाकायचं नव्हतं म्हणून? माझ्यावर टाकायचं नव्हतं म्हणून? ओवीला सांगितलेल्या त्या दीड पानातही ऑपरेशनचा अवाक्षरानेही उल्लेख नाही. मी तीनदा शोधलं. मला तुमचा राग आला, खरंच आला, आणि मग मी त्या वहीवर डोकं ठेवून पोटभर रडले. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच.

तर काल. मी वाचलं. तुमची वाक्यं लहान होती, बरं झालं. 'त्या बाजूला कपी नाहीत असं मी लिहिलं. ते होते. भवेनने मला सांगितलं होतं. त्याला ते जंगल माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, पण अहवाल मी लिहीत होतो. सात सकाळी बसायला हवं होतं, मी दोनच बसलो. जे मी स्वतः ऐकलं नाही ते मी मोजलं नाही. एकटं पडलेलं कुटुंब गात नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. भवेनला ठाऊक होतं. त्या माणसांची झाडं होती म्हणून ते जीव होते. माझ्या शून्यावर विसंबून आणखी एकही घर उठवू नका.' ओवी माझ्या शेजारी, पडद्याच्या बाहेर बसली होती. तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. तिला पाठ होतं.

मग टेबलाच्या कडेला बसलेल्या एका गृहस्थांनी विचारलं. वस्ती हलवावी या बाजूचे असावेत. आवाज सभ्य, पण प्रश्न धारदार. "अहवालात सात सकाळींची पद्धत दिली आहे. दोनच सकाळी बसले असं आता म्हणता. एवढा अनुभवी माणूस असं अर्धवट काम का करेल? की हे मागाहून रचलेलं आहे?"

बाकांवर चुळबुळ झाली. रूनुमी मान खाली घालून बसली होती. उत्तर त्या दीड पानात नव्हतं. तुम्ही ते मुद्दाम ठेवलं नव्हतंत आणि मला ते माहीत होतं. तुमचा मान राखायचा की वस्तीची घरं, एवढाच प्रश्न होता, आणि ठरवायला तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मी वहीचं ते मागचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. मराठीत वाचलं, मग त्यांना कळेल असं सांगितलं. म्हणाले, "घरून फोन आला होता. माझ्या आईचं ऑपरेशन होतं. मी अकरा वर्षांची होते. ते आमच्यासाठी निघून आले."

मागच्या बाकावरची एक म्हातारी बाई शेजारणीला विचारत होती, काय म्हणते ही. शेजारणीने कानात सांगितलं. मग त्या म्हातारीने कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, बराच वेळ बघितलं आणि हळूच हात जोडले. मला ते सोसवलं नाही. ती फणसवस्तीतली होती, हे रूनुमीने नंतर सांगितलं.

निकाल तात्पुरता आहे. फेरमोजणी होईपर्यंत खालची वस्ती जिथे आहे तिथेच राहील. मोजणी धुक्याच्या दिवसांत करायची नाही, पूर्ण सात सकाळी बसायचं, आणि वस्तीतली माणसं जे सांगतील तेही लिहून घ्यायचं. पुढचं पुढे. तुम्ही म्हणाला असतात, तात्पुरतं म्हणजे तात्पुरतं, नाचू नका. आम्ही नाचलो नाही. ओवीने मला मिठी मारली आणि म्हणाली, "आजोबा वुड बी सो प्राऊड ऑफ यू, मम."

तिथे मात्र माझं सगळं अवसान गळालं.

ती आता रोज पहाटे एकटी अंगणात बसते, बाबा. तुमची खुर्ची, तुमचं होकायंत्र. तुम्ही गेलात त्या सकाळची नोंद, '६.१२, ईशान्य, तुई, एकच', ही वहीतली शेवटची ओळ. त्याखाली लिहायला तिचा हात अजून धजलेला नाही. रोज ती ओळ मोठ्याने वाचते, आणि वही मिटते. पण काल रात्री जेवताना म्हणाली, उद्यापासून लिहीन.

म्हणून आज ती उठायच्या आधी मी उठले आणि वही उघडली. तुमच्या ओळीखाली, तुमच्याच तीन रकान्यांत, तिला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात लिहिलं; दिशा आसामची धरली.

'मंगळवार, दुपारी ३.१०. पश्चिम. रूनुमीचा निरोप. आजोबा होते तेव्हाच आला होता. मी वाचला. त्यांना सांगितला नाही.'

खाली माझं नाव लिहिलं. वही टेबलावर ठेवली, वर होकायंत्र ठेवलं. आता उजाडायला आलंय. ती खाली आली आहे, सपाता सरकवत अंगणात गेली आहे. मी खिडकी उघडून उभी आहे. कालची शेवटची ओळ ती आता मोठ्याने वाचेल.